शेफ गेणूच्या ताटातला केस

४ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे. मी माणूस नाही, अस्वल आहे. पण गंगापूर रोडला माझ्या तोडीचा शेफ दाखवा! मालक शेखरने हॉटेलच्या बोर्डावर माझा फोटो लावलाय. नुसता फोटो. नाव नाही! आज ठणकावून सांगितलं, खाली 'शेफ गेणू' पाहिजे. तर म्हणाला, पंचवीसला मुंबईचा समीक्षक जेवायला येतोय, त्याने चांगलं लिहिलं की लगेच रंगवून घेऊ.
संकल्प : वाइन बंद. राग बंद. मध फक्त रविवारी.
आज रविवारच आहे.

५ जानेवारी
वाइन बंद करणं शक्य नाही. माझं मटण वाइनमध्ये शिजतं. एक ग्लास मटणाला, एक मला, चव बघायला. किती ग्लास लागणार ते मटण ठरवतं. आज सात लागले.
वेटर योगेशला पातेलं फेकून मारलं. लागलं नाही. म्हणजे तो राग धरायचा नाही.

९ जानेवारी, दुपारी
रांग पार रस्त्यापर्यंत. सिन्नर, वणी, कुठून कुठून जीप करून येतात. सगळ्या बाया, कडेवर पोरं. मिसळीपलीकडे अक्कल न गेलेलं हे गाव! पुढची पिढी तरी मी सुधारतोय.
भांडी घासणाऱ्या लंकाबाई म्हणाल्या, ताटं भरलेलीच परत येतात. म्हटलं, बाई, याला फाइन डायनिंग म्हणतात. चाखायचं असतं, हादडायचं नसतं. काहीतरी पुटपुटल्या. अडाणी.

१३ जानेवारी
चार नंबर टेबलावर रश्श्यात केस निघाला. माझाच. काळा, वीतभर. मला घाम फुटला. पण त्या बाईने तो धुतला, कपाळाला लावला आणि रुमालात बांधून घेतला. याला म्हणतात प्रसिद्धी!
सहा नंबरने तक्रार केली. त्यांच्या ताटात केस नाही म्हणून. जळतात मेले.

१७ जानेवारी
योगेश म्हणतो, अस्वलाचा केस ताईतात घातला की पोर झोपेत दचकत नाही, लोक त्यासाठी येतात. पोटशूळ, दुसरं काय! याला ना चव, ना अक्कल. वणीच्या बायडाबाईंनी तर आज नातवाला माझ्या पाठीवर बसवलं. नातू रडत होता. आनंदानेच. उतरवताना पाठीवर चिमटा बसला. चाहत्यांचं एवढं सोसावंच लागतं.
वाइन : नऊ. पाठ दुखत होती.

२४ जानेवारी
उद्या समीक्षक. त्याच्या ताटात केस गेला तर नाक कापलं जाईल आणि बोर्डावरचं नावही बोंबलेल. प्रोफेशनल माणसाने, म्हणजे अस्वलाने, त्याग करायला हवा. द्वारका चौकातल्या सलूनमध्ये गेलो. म्हटलं, सगळं काढ. कानापासून पंजापर्यंत. दोन मशिनी जळाल्या.
सलूनवाल्याने पैसे घेतले नाहीत. खाली पडलेले केस मात्र पोत्यात भरून कुलपात ठेवले. चाहता असावा.

२५ जानेवारी
वॉचमनने आत सोडलं नाही. मागच्या दाराने गेलो.
जीप आल्या, बायांनी मला पाहिलं, जीप वळल्या. बायडाबाई म्हणाल्या, अस्वल कुठंय? म्हटलं, मीच. तर म्हणे, लबाड मेला, आणि चालत्या झाल्या. मटणाकडे बघितलंसुद्धा नाही! अख्ख्या हॉलमध्ये समीक्षक एकटा. एक घास खाल्ला, तीन ग्लास पाणी प्यायला, गेला. त्याचं तोंड आलं असेल.
शेखर म्हणाला, केस आले की फोन कर. नीच माणूस! इतकी वर्षं काय माझ्या केसांनी मटण शिजवलं?
संध्याकाळी पेंटर आला. बोर्डावर फोटोखाली एकदाचं रंगवलं : 'रजेवर'.

२६ जानेवारी
ड्राय डे. वाइनच्या कपाटाला कुलूप.
सामान न्यायला गेलो. भूक लागली होती. लंकाबाईंनी कालचं मटण गरम करून वाढलं. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.
न पिता स्वतःच्या हातचं पहिल्यांदाच खाल्लं. एक घास. मग तीन ग्लास पाणी.
खारट आहे.