मे महिन्यातली रजई

बाबा, हे लिहायचं कधीपासून टाळत होते. मध्ये सायकल उघडून बसले, गिटार शिकायला घेतली, सोडली. माझं तुम्हाला माहीतच आहे. पण आता सांगायलाच हवं. तुमच्या पैशातलं आईने माझ्या नावावर ठेवलेलं मी विकायला काढलंय.

तुम्ही गेल्यावर ऑफिसकडून आलेल्या पैशातलं थोडं तिने अलीकडे एका क्लोज-एंडेड फंडात घातलं. सुरुवातीला पैसे घेतात, मग मुदत संपेपर्यंत दार बंद. मधेच हवे असतील तर कंपनी परत देत नाही. शेअर बाजारात आपल्या युनिट्सना आपणच गिऱ्हाईक शोधायचं. "मुद्दामच घेतला," आई म्हणते, "दार उघडं दिसलं की तू पळतेस." आणि मला तर स्पितीला जायचंय, बर्फ पडायच्या आत.

बाजारातला भाव मात्र एनएव्हीपेक्षा, म्हणजे युनिटच्या आतल्या खऱ्या किमतीपेक्षा, बराच कमी. असं का, ते डोक्यात शिरेना. मग पानिपत आठवलं. मे महिना, तुम्ही मला बसने घेऊन गेलायत. दुकानदार रजयांच्या ढिगावरच झोपलाय. "अभी कौन लेगा साहब, आधे में ले जाओ." तुम्ही रजई दाबून बघता आणि मला म्हणता, "कापूस जानेवारीत होता तेवढाच आहे. गिऱ्हाईक नाही, एवढंच." आणि त्याला थंडीतला भाव देता! दिल्लीत द्वारकेला घरी पोचलो, तर भाव ऐकून आईचं लाटणं हवेतच थांबलं. "अहो, तो स्वतः अर्ध्यात देत होता ना?"

"कापूस पूर्ण आहे, यार."

"मराठी माणूस पानिपतहून दुसरं काय करून येणार!" ती म्हणाली, आणि पुढची कित्येक वर्षं तीच रजई ओढून झोपली.

रोज सकाळी बाजार उघडला की मी विक्रीची ऑर्डर लावते आणि संध्याकाळी आईला सांगते, गिऱ्हाईकच नाही. तुम्हाला म्हणून सांगते, भाव मी पूर्ण एनएव्हीचा लावते. तेवढा कुणी देत नाही, हे बघूनच. जायचं तर आहे, पण तुमचं शेवटचं काही हातातून सुटायला नको, असंही वाटतं.

थांबा, फोन वाजला.

गिऱ्हाईक आलंय, बाबा. सगळे युनिट घेतले, पूर्ण भावाने. असं करणारा माणूस मला एकच माहीत होता.