माशाचं तोंड कुणाकडे

४ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांनी आजही अर्धं ताट तसंच ठेवलं. म्हणे, भूक नाही. नवरा म्हणतो, वयामुळे होतं. होत असेल. पण शेवटी शेवटी आईही असंच ताट सरकवायची. मला बघवत नाही.

सोमवारी खाण्याचं सदर द्यायचंय. विषय नाही.

५ नोव्हेंबर

बाबांना धरून डॉक्टरांकडे नेलं. वजन वाढलंय! डॉक्टरांनी त्यांना काट्यावरून उतरवून पुन्हा चढवलं. बाबा छताकडे बघत होते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

विषय मिळाला. लाँड्रीशेजारचं ते पाच टेबलांचं चिनी हॉटेल. मालकीणबाई स्वतःच रांधतात, आणि रांधतात ते फक्त त्यांच्या गावाकडचं — दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचं. सदरही होईल, बाबांच्या तोंडाला चवही येईल.

बाबा म्हणाले, दुसरीकडे जाऊ. मी कसली ऐकतेय! शनिवारचं टेबल सांगून ठेवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आधी कालवांचं ऑम्लेट आलं. रताळ्याच्या पिठातलं, कडेला कुरकुरीत, मध्ये लिबलिबीत. नवऱ्याने बोलणंच सोडलं. बाबा मान खाली घालून चहा पीत होते.

मग अख्खा वाफवलेला मासा. वर आलं, कांद्याची पात, आणि टेबलावरच ओतलेलं कडकडीत तेल — चर्र! मालकीणबाईंनी ताट फिरवून माशाचं तोंड बाबांकडे केलं. ज्याच्याकडे तोंड तो मानाचा पाहुणा. त्याने पहिला घास घ्यायचा, तोवर बाकीच्यांनी बघत बसायचं. ते बाबांना सांगावं लागलं नाही.

वरची बाजू संपली, मी मासा उलटायला गेले. बाबांनी माझं मनगट धरलं.

"उलटायचा नाही. समुद्रात कोळ्याची नाव उलटते."

आणि शेपटीकडून अख्खा काटा अलगद उचलून बाजूला ठेवला. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हात!

"बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

त्यांच्याऐवजी मालकीणबाईच बोलल्या. रोज दुपारी येतात, माशांच्या गोळ्यांसाठी काटे वेचून देतात. "हात छान. बडबड फार." एप्रनच्या खिशातून चिमटा काढून दाखवला. बाबांचाच, घड्याळाचा! मी तो महिनाभर घरात शोधतेय. रोज उकळून घेते, म्हणाल्या.

काम झालं की तिथेच जेवायचं, आणि घरी येऊन मला भूक नाही म्हणून सांगायचं. मी हसले ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

परत येताना विचारलं, लपवलंत कशाला? आधी रस्ता ओलांडला. मग, "तुझी आई जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत. लोक काय म्हणतील."

कोण लोक?

"लोक म्हणजे तू."

९ नोव्हेंबर

सदर लिहून टाकलं. एक दिवस आधी! संपादक घाबरतील. बाबा त्यात नाहीत, चिमटा आहे.

१२ नोव्हेंबर

बाबा दुपारी बाहेर पडले — उजळ माथ्याने, इस्त्रीचा शर्ट घालून. नवऱ्याने शीळ घातली. त्याला चप्पल दाखवण्यात आली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मालकीणबाई आज आमच्याकडे जेवायला. मासा बाबांनी वाफवला. तोंड त्यांच्याकडे असणार, असं मी धरून चालले होते. बाबांनी ताट फिरवलं, ते माझ्यापाशी येऊन थांबलं.

"आम्ही लग्न करावं म्हणतोय. तुला पटत असेल तर घे पहिला घास."

दोघंही माझ्या हाताकडे बघत होती.

केवढा मोठा घेतला मी!