प्रेक्षकांसाठीचा शब्द

दि. ३ फेब्रुवारी

चि. भोपू,
अनेक आशीर्वाद. फोन केला की तू चित्रीकरणात असतोस आणि रागाच्या भरात मी अर्धं विसरते, म्हणून हे पत्र.

तुझा टीव्हीवरचा शब्दखेळाचा कार्यक्रम मी आजपासून बंद केलाय. आपल्या घरापुरता. आईची वाचा गेल्यापासून प्रेक्षकांसाठीच्या कोड्यात तू आपल्या घरातले शब्द उलटसुलट करून घालतोस, हे मला कधीच कळलंय. अडगळ काय, पायपुसणं काय! परवा पडद्यावर 'शी, प, क, ब' आलं आणि जाहिराती संपायच्या आत आईने अक्षरांचे पुठ्ठे लावून 'कपबशी' करून दाखवली. वर माझ्याकडे असं पाहिलं, जणू तू दारातच उभा आहेस. मला कौतुक वाटलं नाही, संताप आला.

तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आत्ताच तोंड उघडलं नाही तर पुढे फार जड जाईल. ही तोंड उघडतच नाही. पाणी हवं, पुठ्ठे. खिडकी लावायची, पुठ्ठे. संध्याकाळी तुझा शब्द सुटला की दिवस सार्थकी लागला, मग जिभेला कशाला त्रास? आणि तेव्हापासून तू एकदाच आलास, तोही बूट न काढता.

लोभ शिल्लक आहे, फार ताणू नकोस.
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून डोकं फिरलं. आईला एवढा एक विरंगुळा होता, तोही तू काढून घेतलास. लहानपणापासून तुझी मुकादमगिरी चालूच आहे.

इथे प्रत्येक कोडं निर्मातीणबाईंकडून मंजूर करून घ्यावं लागतं. 'पायपुसणं' कुणालाही सुटणार नाही म्हणाल्या. एका घरात नक्की सुटेल, असं म्हणून मी त्यांच्याशी भांडलो. मी रोज आईशी बोलतो ताई, सगळ्यांदेखत बोलतो. तू दिवसभर तिच्याजवळ असतेस, तरी तिच्या तोंडून एक शब्द काढू शकली नाहीस. मग खापर माझ्या डोक्यावर का?

रजा मागितली की तोंडं वाकडी होतात. यायचं मी पुढच्या महिन्यात बघतो. शुक्रवारी तिच्यासाठी खास शब्द ठेवलाय. तेवढा दिवस तरी टीव्ही लाव.

राग आहे, पण नमस्कार खोटा नाही.
भोपू

दि. १७ फेब्रुवारी

चि. भोपू,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा जरा कमी.

मुकादम म्हणालास ते मला लागलं. तिला उठवताना माझी पाठ धरते तेव्हा तुझी निर्मातीणबाई धावून येत नाही. ते असो.

शुक्रवारी वेळ झाली तशी आईने टीव्हीकडे बोट केलं. मी रिमोट खिशात घालून कपड्यांच्या घड्या घालत बसले. तिने पुठ्ठे लावले, मी पाहिलेच नाहीत. मग तिने सगळे पुठ्ठे माझ्या अंगावर भिरकावले. आपली आई, जिने आपल्याला कधी चापट मारली नाही. मी खाली वाकून ते गोळा करत होते आणि डोक्यावरून आवाज आला, "लाव." घोगरा, चिरका. मला आधी वाटलं, शेजारच्या घरातून आला. मी जमिनीवर तशीच बसून राहिले. मला ऐकूच आलं नाही असं वाटून ती आणखी चिडली, पुन्हा म्हणाली, "लाव."

खिशातून रिमोट काढून लावेपर्यंत उशीर झाला. पडद्यावर शेवटची नावं सरकत होती. तुझा खास शब्द आम्हाला दिसलाच नाही. तुझं नाव मात्र तिने पाहिलं, ते निघून जाईपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, भोपू कुठंय. 'भोपू' नीट आलं नाही, 'पोपू' आलं. 'कुठंय' अगदी स्वच्छ आलं.

तेव्हापासून दाराची घंटी वाजली की ती तेच विचारते, दूधवाल्यालाही विचारून झालं. शिकवणाऱ्या बाई खूश आहेत. मला मात्र तुझा राग येतो, पूर्वीपेक्षा जास्त येतो.

पुठ्ठे मी कपाटावर टाकलेत. तिने सरळ विचारलंय, आता तू अक्षरं न उलटवता उत्तर दे, तेही तिच्यासमोर येऊन.

बूट दारात काढ.
ताई