एका पोटची दोघं

११ नोव्हेंबर १९८६
माहुलच्या कोळीवाड्यात आज पोलिओचे डोस. निम्म्या दारांना कड्या! "ताप येतो." "पोर लुळं पडतं." अरे, लुळं पडू नये म्हणूनच देतोय ना! ओरडून घसा बसला.

सखुबाईने मात्र मान राखला. मासळी विकून आली आणि सुनेची, कमळची, जुळी पोरं बाहेर आणली. आधी भीमराज. त्याला घरात ठेवून मग माणिक. "दोघांना येकदम काढत नाय बाय, नजर लागते." कबूल. दोघंही गुटगुटीत, अगदी सारखे. डोस पाजला की तोंड वाकडं करायची तऱ्हासुद्धा तीच!

९ डिसेंबर
दुसरा डोस. पुन्हा तसंच, एकेक करून. सखुबाईने पिशवीभर सुकट दिली. घरी ह्यांनी आधी नाक मुरडलं, मग सगळी चटणी एकट्यानेच संपवली.

१९ डिसेंबर
डोस गार ठेवायचा बर्फाचा डबा गळतोय. साहेबांना सांगून सांगून जीभ झिजली.

५ जानेवारी १९८७


कमळ दवाखान्यात आली. कडेवर काटकुळं पोर — ताप येऊन गेलेला, डावा पाय नुसता लोंबतोय. "हा कोण गं?" म्हटलं. "माणिक."

माणिक? त्याला मी स्वतः दोन डोस पाजलेत! तर रडत म्हणाली, "त्याला नाय, शिष्टर. दोन्ही येळेला भीमराजच व्हता. सासूनं टोपडं बदलून आणला."

डॉक्टरांनी पाय उचलला, सोडला. आता बरा व्हायचा नाही म्हणाले.

६ जानेवारी
सखुबाईला फाडून खायच्या तयारीने गेले. ती उंबऱ्यात बसलेली, मांडीवर माणिक. म्हणाली, "हा अशक्त. बाहेर काढला तर जगंल का, भ्या वाटला. एका पोटची दोघं, बाय. एकाला ताप आला का दुसऱ्याला येतो. मग एकाचं औषध दुसऱ्याला नाय लागणार?"

तिचा राग आला, त्याहून माझा. दोनदा माणिक म्हणून हातात घेतलं ते पोर, आणि नीट पाहिलं नाही.

१३ जानेवारी
आज तिसरा डोस. माणिकला डोस मिळालाच नव्हता, हे वाड्यात सगळ्यांना कळलंय; गल्लीत एकही दार बंद नव्हतं. सखुबाई माझ्या पुढे चालत होती, माणिक तिच्या कडेवर. कुणाला समजावत नव्हती. दारात थांबायची आणि त्याच्या पायावरचं दुपटं तेवढं बाजूला करायची.