हिंदीचं बटण दाबणाऱ्यांस काहीही मिळणार नाही

बिस्मिल्लाह. मी, खैरुद्दीन दाऊद परकार, मूळ राहणार तालुका राजापूर, हल्ली मुक्काम अल नहदा, शारजा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत बायको हमीदा हिचं मत विचारात घेऊ नये.

गावचं घर आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे वाटली जाईल. तिथे माझं काही चालत नाही. बाकीच्या किरकोळ गोष्टींत मात्र माझंच चालेल.

मी इथल्या एका सरकारी सेवा केंद्रात क्लार्क आहे. वर्षानुवर्षं अर्ज करकरून टोकनच्या मशीनवर मराठीचं बटण आणि हॉलमध्ये मराठी खिडकी मिळवली. आणि आपली माणसं! सरकारी काच दिसली की हिंदी सुरू. विघ्नेश एसी मेकॅनिक रोज माझ्यासोबत चहा पितो, तोंडात शिव्यासुद्धा मराठी. खिडकीशी आला आणि म्हणाला, "साहब, आयडी का काम था."

म्हटलं, "अरे मेल्या, मी खैरू!"

"हां साहब, मालूम है."

माझा प्रेशर कुकर याला द्यायचा होता. रद्द.

चिरंजीव फहद म्हणतात, "डॅड, जस्ट प्रेस हिंदी, इट्स फास्टर." त्याने गाडीची किल्ली घेण्याआधी त्या खिडकीवर एक तरी अर्ज मराठीत बोलून भरावा. चुका चालतील. हे कायद्यात बसत नसेल तर बापाची विनंती समजावी.

आमचे साहेब म्हणतात, "हबीबी, तुमच्याच लोकांना नकोय. डिसेंबरनंतर खिडकी खलास." आपलेच दात, आपलेच ओठ.

पण एकदा मृत्यूचा दाखला काढायला मरियमबी आली होती. तिचा नवरा नुकताच गेलेला. शेजारच्या खिडकीवर "आदमी मर गया" म्हणाली आणि पुढे शब्दच सुचेनात. मी हाक मारली, "इकडे ये गो बाय." मग तो कसा होता, शेवटी काय खायला मागितलं, सगळं बोलली. अर्जाला त्यातलं काहीच लागत नव्हतं. मागे रांग ओरडत होती, ओरडू दे. त्या दिवशी मला माझी नोकरी आवडली.

खुर्चीवरची उशी ज्युनिअर क्लार्क समिधाला. खिडकी टिकली तर तीच बसेल.

शेवटचं कलम हमीदासाठी. बाई, माझ्या मृत्यूचा दाखला काढायला तू याच केंद्रात येशील. खिडकी मराठीच माग. काढून टाकली असली तरी माग, तुझा आवाज पुरेसा आहे. हिंदीत तुझं एका वाक्यात आटपेल, आणि माझ्याविषयी तुला पुष्कळ बोलायचंय. सगळं चांगलं नसलं तरी चालेल.

साक्षीदार: १) साधना नाईक, खलिफा सिटी. २) तहा काझी, शारजा.
दोघांच्या सह्या मराठीत. समोर बसून करून घेतल्या.

(सही) खैरुद्दीन दाऊद परकार
शारजा, १४ नोव्हेंबर २०२५