शिरूरच्या स्थळाला नकार

५ फेब्रुवारी २००७, सोमवार

आज चौदा मुलांना नकार दिला. जेवायच्या सुट्टीत! डबा तसाच. भाकरीचा पापड झाला.

सगळं सोपानमामाचं काम. दिवाळीत दौंडहून आला, माझा फोटो घेतला आणि लग्नाच्या साइटवर नाव घालून मोकळा झाला. पासवर्ड माझ्याकडे दिला, एवढी मेहरबानी. आता रोज स्थळं येतात. आणि आप्पांचा दंडक — "कुणाला लटकत ठेवायचं न्हाई. व्हय तर व्हय, न्हाई तर न्हाई. पर उत्तर घराला शोभंल असं दे." यवतला घरी कॉम्प्युटर कुठला? म्हणून कुरकुंभला, कंपनीच्या डिस्पॅच ऑफिसात. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात माउस.

माझी अट एकच. लग्नानंतर मुलीने नोकरी केलेली चालेल का? साइटवर तसा रकाना आहे. बहुतेक 'नाही' लिहितात. नाहीतर कोरा ठेवतात, म्हणजे 'नाही'च. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम केलेलं आजवर कुणी नाही. आज्यानं मेंढरं राखली, आप्पांनी ऊस केला, मग मी. आणि आता खुर्ची सोडून शेणकूट करायला जाऊ? अजिबात नाही.

७ फेब्रुवारी

सुचलं!! साहेबांसाठी मी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिलेत. एकदा हुकूम लिहून ठेवला की एक्सेल आपलं आपण ब्राउझर उघडतं, ट्रान्सपोर्टवाल्याच्या पानावर जातं आणि ट्रक कुठं पोचला ते शीटमध्ये आणून टाकतं. ट्रक चालतात, मग नवरे का नाही?

बसले आणि लिहिला. साइट उघड. स्थळ वाच. नोकरीच्या रकान्यात 'चालेल' नसेल तर नकाराचं बटण दाब आणि लिही — "आपले स्थळ उत्तम आहे, पण योग जुळत नाही. क्षमस्व." मग पुढचा. संपले की पुन्हा पहिल्यापासून बघ, नवीन कोण आलंय.

पहिल्या झटक्याला बोंबलला. पान उघडायच्या आतच बटण शोधायला लागला! 'पान येईपर्यंत थांब' अशी ओळ घातली. मग काय — माउसला हात न लावता एकेक मुलगा उडतोय. शेजारच्या टेबलावरची मोनिका घास तोंडात धरून बघत राहिली. "अगं, भूतबीत शिरलंय का काय त्यात?"

८ फेब्रुवारी

डबा निवांत खाल्ला. दोन स्थळं गेली. भाजी मेथीची.

१२ फेब्रुवारी

शिरूरचा एक आहे, मच्छिंद्र. रकाना कोरा. मॅक्रोनं नकार दिला. लगेच त्याची पुन्हा विचारणा! पुन्हा नकार. पुन्हा विचारणा. मी भात कालवेपर्यंत शीटमध्ये खालपर्यंत मच्छिंद्र, मच्छिंद्र, मच्छिंद्र.

ह्या माणसाला कामधंदा नाही का?

१३ फेब्रुवारी

मॅक्रो चालू ठेवून गोडाउनला गेले. दुपारी परत येऊन बघते तर अजून तेच! तो विचारतोय, मी नाही म्हणतेय. तो विचारतोय, मी नाही म्हणतेय. मोनिका हनुवटीला हात लावून बसलेली. "माझ्या नवऱ्यानं एकदा पण विचारलं नव्हतं गं. थेट पत्रिकाच छापली."

खोटं का लिहू, जरा बरं वाटलं. असं कोण कुणाच्या मागं लागतं!

मग नीट बघितलं. माझा नकार पोचतो न पोचतो तोच त्याचं पुढचं येतंय. माणूस श्वास तरी घेईल की नाही? म्हणजे त्यानंही मॅक्रो लावलाय!! दोन एक्सेल एकमेकांशी भांडतायत आणि आम्हा दोघांना पत्ताच नाही.

बंद केला.

१५ फेब्रुवारी

घात झाला. साइटवाल्यांचा आप्पांच्या मोबाइलवर फोन. "अभिनंदन! तुमच्या कन्येचा आणि शिरूरच्या मुलाचा आमच्याकडे सगळ्यात जास्त संवाद झाला आहे." संवाद मोजतात! वाचत नाहीत!

घरी पोचले तर गल्लीत पेढे वाटून झालेले. आई रुसलेली — "घरात दोन शब्द बोलत न्हाई, आन् त्याच्याशी एवढं?"

म्हटलं, आप्पा, मी प्रत्येक वेळी नाहीच म्हटलंय!

आप्पा हसले. "न्हाई म्हणायला एवढ्यांदा कोण बसतंय? एकदा म्हणायचं आन् उठायचं."

मॅक्रो समजावून सांगितला. शेवटपर्यंत ऐकलं आणि आईला म्हणाले, "लाजती."

१८ फेब्रुवारी, रविवार

आली. मच्छिंद्र, त्याची आई ताईबाई आणि बहीण ललिता. पोहे झाले. ताईबाईंनी माझा हात धरला. "पोरी, तू एवढ्यांदा न्हाई म्हणलीस, पर माझ्या लेकानं चिकाटी सोडली का? असा नवरा दिवा घिऊन सापडायचा न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा! का, देव जाणे.

आम्हाला बोलायला गोठ्यापाशी पाठवलं. ललिता सोबतीला. तो उंच, केस चापून बसवलेले, नजर म्हशीवर. मीच सुरुवात केली — "तुमचा मॅक्रो कोणता?"

"मॅक्रो न्हाई. आमचा चारशेसात टेम्पो हाय. कांदा वाहतो."

ललितानं खाली बघितलं. "मॅक्रो माझा." शिरूरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते ती. "आई म्हणली, एखादी न्हाई म्हणली तर परत विचार. तेच लिहिलं. नकार आला की परत पाठव. कितीदा, ते घालायचं राहिलं. बाकीच्या मुली उत्तरच देत न्हाईत, म्हणून कळलं न्हाई."

मच्छिंद्र तिच्याकडं बघतोय. "म्हंजी मी हिला किती वेळा विचारलं?"

"लय, दादा."

त्याचे कान लाल झाले. मला म्हणाला, "आन् तुम्ही दर वेळी न्हाई? असं काय वाईट लिव्हलं होतं माझ्याबद्दल?"

म्हटलं, नोकरीचा रकाना कोरा होता.

"मला कुणी विचारलंच न्हाई. करा की नोकरी! चालती गाडी कोण थांबवतं?"

तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज — सुपारी पाडव्याला!

२१ फेब्रुवारी

आईनं साड्या काढल्यात. मी 'नाही' म्हटलं की कुणाला ऐकूच येत नाही. तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय.

ललिताचा ऑफिसात फोन. "ताई, तुमच्या मनात नसंल तर सांगा, मी दादाला सांगते." माझ्या मनात काय आहे? मुलगा चांगला आहे. पण यंत्रांनी ठरवलेलं लग्न! उद्या कुणी विचारलं कसं जमलं, तर काय सांगू — अट चुकली म्हणून?

तिला म्हटलं, नाहीच सांग.

२२ फेब्रुवारी

सुटायच्या वेळी चारशेसात कंपनीच्या गेटवर. मच्छिंद्र खाली उतरून उभा. कपडे कांद्याच्या फोलपटांनी भरलेले. म्हणाला, "ललीनं निरोप दिला. पर आजवर सगळं मशिनीनंच सांगितलंय. एकदा तुम्ही सोत्ता न्हाई म्हणा. मी आईला सांगतो, इषय संपला."

तोंड उघडलं. येईना.

म्हटलं, आज नको. उद्या या.

"उद्या न्हाई म्हणणार?"

बघू.

"आन् परवा?"

परवा पण या.