स्वयंपाकघरावरची खोली

वेस्ट थॉर्नबी, कनेटिकट
१४ ऑक्टोबर

प्रिय आल्डन,

तुझा गुडघा फार छळत नसेल असं धरून चालते. मी ठणठणीत आहे, पण डोकं जागेवर नाही. कारण आपलं हॅडलॉक घर. आईने ते संग्रहालय करायला गावाला दिलं तेव्हा सोबत माझे सगळे शनिवारही देऊन टाकले.

आम्ही सातजण तिथे फुकट राबतो आणि सातजणांची आठ मतं असतात. चेस्टरने पुढच्या खिडक्या इतक्या हौसेने रंगवल्या की आता एकही उघडत नाही. तो समितीचा अध्यक्ष, त्यामुळे बोलायची सोय नाही. धुराड्यात खारी शिरल्यात. त्यांना हाकलायचं की नाही, यावर दोन बैठका झाल्या.

हे सगळं लिहितेय, कारण लिहायचं आहे ते वेगळंच आहे आणि हात चालत नाही.

गेल्या शनिवारी हार्टफर्डहून व्हर्ना पीस नावाच्या एक कृष्णवर्णीय बाई घर बघायला आल्या. माझ्याच वयाच्या. स्वयंपाकघरावरच्या बुटक्या खोलीत मी वीस वर्षं सांगते तेच सांगितलं, की इथे सफरचंदं साठवत. त्यांनी भिंतीतल्या धुराड्याच्या विटांवर हात ठेवला.

"खालच्या चुलीच्या उबेत सफरचंदं आठवडाभरसुद्धा टिकायची नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथे कँडेस झोपायची. हॅडलॉकांची गुलाम. आमची सात पिढ्यांमागची आजी. चर्चच्या वहीत तिचं नाव आहे."

"मला माहीत होतं," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"मग सांगत का नव्हतात?"

मग त्यांनी खोलीत थोडा वेळ एकटं थांबू द्यायला सांगितलं. मी खाली ओट्याशी उभी राहिले.

आल्डन, अकरा वर्षांपूर्वी तू आपल्या हॅडलॉक पूर्वजाचं ते मृत्युपत्र समितीपुढे वाचलंस. दोन गाई, चार गाद्या आणि कँडेस नावाची बाई, एकाच ओळीत. हे खरं का, असं चेस्टरने मला विचारलं, तर मी म्हणाले, आल्डनची वाचण्यात चूक झाली असेल, तो जरा तापट आहे. तू टोपी उचलून निघून गेलास. तो कागद आईने मला एकोणिसाव्या वर्षीच दाखवला होता. दाखवला आणि खण लावून घेतला. मीही तेच करत राहिले.

सोमवारी मी तो सभेत पुन्हा वाचला. चेस्टर म्हणाला, लोक रविवारी मन रमवायला येतात, त्यांना हे कशाला? चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं: खोलीवर कँडेसचं नाव लागणार, मजकूर व्हर्नाबाई लिहिणार. चेस्टरने राजीनामा दिला आणि जाताना स्वतःची शिडी घेऊन गेला. छपराची दुरुस्ती अर्धवटच, त्यात हिवाळा तोंडावर.

कागद समितीपुढे पहिल्यांदा कुणी वाचला, असं व्हर्नाबाईंनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. त्यांना तुला भेटायचं आहे. आणि अकरा वर्षांपूर्वी वाचण्यात तुझी चूक नव्हती, मीच खोटं बोलले, हेही सभेत सांगितलं. सभेच्या वहीत तसं लिहून घेतलंय, खाली माझी सही आहे.

येशील की नाही, ते तूच ठरव.

तुझी बहीण म्हणवून घ्यायला आज संकोचणारी,
लोइस